मेंढरांच्या मुलखातली शाळा

वाचकहो, विलायत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. तांबड्या बसगाड्या, मोठमोठे पूल, राजवाडा. पण त्याच लंडनहून आगगाडीने पश्चिमेकडे दोनेक तास गेले की एक वेगळाच मुलूख लागतो. त्याचे नाव वेल्स. आकाराने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याहून थोडा मोठा. माणसे एकतीस लाखांच्या आसपास आणि मेंढ्या त्यांच्या जवळजवळ तिप्पट! राजा इंग्लंडचाच, पण भाषा निराळी, तिचे नाव वेल्श. शिक्षणाचा कारभारही १९९९ पासून त्यांचा त्यांच्याकडे आहे.

माझी भाची आणि जावई तिथे नोकरीला आहेत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालो, तेव्हापासून भाचीचा एकच धोशा. "मामा, एकदा येऊन जा." शेवटी फेब्रुवारीत गेलो आणि मे अखेर परत आलो. या चार महिन्यांत किल्ले पाहिले, समुद्र पाहिला. पण तुम्हाला सांगण्याजोगे जे पाहिले, ते एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत. गुरुजीचे पाय शाळेकडेच वळायचे, दुसरे काय!

भाचीचे गाव केरेडिगियन जिल्ह्यात टैवी नदीच्या खोऱ्यात आहे. गाव म्हणजे पाऊणशे घरे, एक देऊळवजा प्रार्थनाघर, एक दुकान आणि शाळा. बाकी सगळे शेतमळे डोंगरउतारावर विखुरलेले. पाऊस सारखा भुरभुरतो. शेताच्या बांधावर गर्द हिरवी कुंपणे आणि आत गवतावर पांढरे ठिपके दिसतात, त्या मेंढ्या. मी गेलो तो मेंढ्या विण्याचा हंगाम होता. रात्री-अपरात्री गोठ्यातला दिवा जळताना दिसे. शेतकरी कुठलाही असो, वेतावर आलेले जनावर असले की त्याची झोप सारखीच उडते.

रोज सकाळी मी नातीला शाळेत पोचवायला जात असे. दाराशी ओळीने चिखलाने माखलेले गमबूट मांडलेले. मुख्याध्यापिकाबाई स्वतः फाटकात उभ्या राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारीत आणि "बोरे दा" म्हणत. म्हणजे सुप्रभात. पहिल्या दिवशी मलाही म्हणाल्या. मी गडबडून "नमस्कार" म्हटले. दुसऱ्या दिवसापासून चार-पाच पोरे मला पाहिले की हात जोडून "नमस्कार" ओरडू लागली.

शाळा लहान. साठएक मुले, वर्ग तीन. म्हणजे दोन-तीन इयत्तांची मुले एका खोलीत, एका शिक्षिकेपुढे. आपल्याकडच्या दोन शिक्षकी शाळेत ज्याने दिवस काढले आहेत, त्याला हे चित्र नवे नाही. शिकवण्याची भाषा वेल्श. माझी नात पाच वर्षांची असताना तिथे गेली, तेव्हा तिला त्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. आता ती घरी मराठी, शाळेत वेल्श आणि दुकानात इंग्रजी बोलते. उशिरा येणाऱ्या मुलांना भाषा शिकवणारे केंद्र त्या जिल्ह्यात आहे, त्याचाही तिला उपयोग झाला.

मी जुना मास्तर आहे हे कळल्यावर बाईंनी मला वर्गात बसायची परवानगी काढून दिली. तिथे काय चांगले पाहिले ते आधी सांगतो.

एके दिवशी मोठ्या वर्गाचे गणित शेजारच्या मळ्यावर भरले. तिकडे गाभण मेंढ्या यंत्राने तपासतात. पोटात एक कोकरू आहे, जुळे आहे की तिळे, हे पाहून मेंढीच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगाचा ठिपका देतात, म्हणजे खुराक त्या मानाने घालता येतो. मुलांनी ठिपके मोजले. एकाच्या इतक्या, जुळ्याच्या इतक्या, तर एकूण कोकरे किती यायला हवीत? आली किती? दगावली किती? शेकडा प्रमाण काय पडले? एरवी गणिताला कंटाळणारा एक पोरगा तिथे सगळ्यांना समजावून सांगत होता, कारण मळा त्याच्या बापाचा होता.

वेल्श भाषेत एक सुरेख शब्द आहे, कनेव्हिन. तिथल्या उघड्या डोंगरावर कुंपण नसते. तरी मेंढी आपल्या नेहमीच्या चरणीचा डोंगर सोडून जात नाही. आई आपल्या कोकराला तो डोंगर शिकवते, ते कोकरू मोठे झाले की आपल्या पिलाला शिकवते. त्या ओळखीच्या जागेला कनेव्हिन म्हणतात. सप्टेंबर २०२२ पासून वेल्सच्या प्राथमिक शाळांत नवा अभ्यासक्रम आला, त्यात हा शब्द घेतला आहे. मुलाने आधी आपला डोंगर ओळखावा, आपली नदी, आपली माणसे, आपली भाषा ओळखावी आणि तिथून जगाकडे जावे, असा त्याचा अर्थ. नेमके काय शिकवायचे हे बरेचसे शाळेनेच ठरवायचे असते. म्हणून गणित मळ्यावर भरू शकते.

दुपारचे जेवण सगळ्या मुलांना शाळेत फुकट. ही सोय वेल्समध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत आहे. जेवायला मोठी मुले लहानांना शेजारी घेऊन बसतात. शिवाय प्रत्येक शाळेत मुलांनी निवडलेले मुलांचे मंडळ असावे, असा नियमच आहे. या शाळेतल्या मंडळाने मैदानातला बाक कुठे ठेवायचा यावर दोन दिवस वाद घातलेला मी पाहिला आहे.

इतके चांगले पाहून मी भारावून गेलो होतो. तेवढ्यात भाचीने मला एक कागदांचा जुडगा वाचायला दिला. तो त्या शाळेच्या तपासणीचा अहवाल होता.

वाचकहो, तपासणी हा शब्द ऐकला की आपल्याकडच्या जुन्या माणसांना दिपोटी आठवतो. मला विस्तार अधिकारी आठवतात. वेल्समध्ये शाळा तपासणारी एक स्वतंत्र संस्था आहे. तिचे नाव एस्टिन. वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थ हात पुढे करणे, पोचवणे असा होतो. तपासनीस दोन-चार दिवस शाळेत राहतात. वर्गात बसतात, मुलांच्या वह्या पाहतात, मुलांशी बोलतात, पालकांकडून मत मागवतात. त्यांच्यात एखादा दुसऱ्या शाळेत आजही शिकवणारा शिक्षक असतो, म्हणजे फळ्यापुढे उभे राहण्याचे दुखणे ज्याला ठाऊक आहे असा माणूस. मग अहवाल लिहितात आणि तो सर्वांना वाचायला खुला करतात. या शाळेचा अहवाल वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषांत होता.

पूर्वी या अहवालात शाळेला एका शब्दात शेरा मिळे. उत्तम, चांगली, बरी पण सुधारणा हवी, असमाधानकारक. लोक तो एकच शब्द वाचत आणि कागद बाजूला ठेवत. २०२२ पासून एस्टिनने हे शेरे बंद केले. आता शाळेत काय चांगले चालले आहे ते लिहितात, काय सुधारायला हवे ते लिहितात आणि शेवटी मोजक्या शिफारशी देतात. शेरा नाही म्हणजे धाक नाही असे मात्र समजू नका. एखादी शाळा फारच मागे पडली असेल, तर तिच्यावर खास देखरेख ठेवतात आणि तपासनीस पुन्हापुन्हा येतात.

या शाळेच्या अहवालात आधी कौतुक होते. मुले एकमेकांना सांभाळून घेतात, शिक्षिकांना प्रत्येक मुलाचे घर ठाऊक आहे, गावाचा उपयोग शिकवण्यात छान केला जातो. मी मनात म्हटले, बरोबर! मग तीन शिफारशी होत्या. पहिली, वरच्या वर्गातल्या मुलांना स्वतःच्या मनाने विचार करून लांब, सलग लिहायची संधी अधिक द्यावी. तीन इयत्ता एकत्र असल्याने हुशार मुले बाकीच्यांची वाट पाहत बसतात. दुसरी, मुले वर्गात वेल्श बोलतात पण मैदानावर गेली की इंग्रजीकडे वळतात, त्याकडे लक्ष द्यावे. तिसरी, मुलांची हजेरी वाढवावी.

मी चाट पडलो. मी इतके दिवस त्याच वर्गात बसत होतो. हुशार मुले पेन्सिल चावत बसलेली मी पाहिली होती, पण मला ती शिस्तीची वाटली होती!

त्याच आठवड्यात संध्याकाळी पालकांची सभा झाली. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर धिप्पाड शेतकरी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. भाची माझ्या कानाशी अर्थ सांगत होती. एक शेतकरी उठला. तोच, ज्याच्या मळ्यावर गणित भरले होते. त्याचे म्हणणे असे की, हे उणे जगाला सांगायची काय गरज? हा कागद वाचून उद्या कोणी आपले मूल तालुक्याच्या मोठ्या शाळेत घालील. पट कमी झाला की शाळा बंद. शेजारच्या गावाची गेली, आता आपली पाळी.

त्याची भीती खोटी नव्हती. पश्चिम वेल्समधल्या कितीतरी लहान शाळांना कुलपे लागली आहेत. २०१८ पासून तिथे नियम आहे की, यादीतल्या ग्रामीण शाळा शक्यतो बंद करू नयेत, आधी दुसरे सगळे मार्ग तपासावेत. पण शक्यतो या शब्दावर कोण किती दिवस निश्चिंत झोपणार? शाळा गेली की तरुण कुटुंबे जातात आणि त्यांच्या मागोमाग भाषाही जाते. २०२१ च्या जनगणनेत सबंध वेल्समध्ये वेल्श बोलणारे शंभरात १८ सुद्धा भरले नाहीत. या केरेडिगियन जिल्ह्यात ते शंभरात ४५ आहेत, ते अशा खेड्यांमुळे आणि अशा शाळांमुळे.

मुख्याध्यापिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाहुणे येण्याआधी आम्हीच आमचा हिशेब मांडला होता. यातल्या दोन गोष्टी आम्हाला ठाऊक होत्या. पहिली मात्र आमच्या ध्यानात आली नव्हती. ती कोणी दाखवली नसती, तर तुमची मुलं आणखी पाच वर्षं पेन्सिल चावत बसली असती."

सभेनंतर चहा घेताना शेजारच्या एका आजीबाईंनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. तिथल्या घराघरात ती ठाऊक आहे. १८४७ साली इंग्रज सरकारने वेल्समधल्या शाळांची मोठी पाहणी केली. तीन साहेब आले. तिघांनाही वेल्श येत नव्हते. मुलांना वेल्शच येत होते. साहेबांनी इंग्रजीत प्रश्न विचारले, मुले गप्प राहिली. साहेबांनी लिहिले, मुले मंद आहेत. एवढ्यावर न थांबता भाषेला आणि लोकांच्या चालचलणुकीलाही नावे ठेवली. त्या अहवालाची वेष्टने निळी होती. वेल्श माणूस आजही त्याला निळ्या पुस्तकांचा विश्वासघात म्हणतो. त्या काळी कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवीत. दुसरे कोणी बोलताना सापडले की पट्टी त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात पट्टी असेल, त्याला शिक्षा!

आजीबाई म्हणाल्या, "त्या साहेबांचं सगळंच खोटं नव्हतं. शाळा गळक्या होत्या, मास्तर धड शिकलेले नव्हते. पण त्यांनी आम्हाला दोष दिला. आता आलेली बाई माझ्या नातवाशी आमच्या भाषेत बोलली, त्याच्या वहीतलं चांगलं आधी वाचलं आणि मग उणं दाखवलं."

दोष देणे आणि दोष दाखवणे यांत केवढे अंतर आहे, हे मला बत्तीस वर्षे नोकरी करून त्या चहाच्या पेल्यापाशी उमगले.

वाचकहो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्याकडे तपासणी असली की आम्ही काय करीत असू? आदल्या दिवशी भिंती पुसत असू, तक्ते टांगत असू, चांगल्या वह्या वर आणि वाईट वह्या खाली ठेवत असू. आणि एकदा, दोनदा नव्हे, बऱ्याचदा, मी चार कच्च्या पोरांना सांगितले आहे, "उद्या नाही आलास तरी चालेल." ती पोरे आनंदाने गुरांमागे गेली. साहेब खूष झाले, चहा-पोहे झाले, शेरा चांगला मिळाला. ज्या मुलांना मदतीची सगळ्यात गरज होती, त्यांनाच मी लपवून ठेवले. अशाने त्यांची मदत येणार कुठून? साहेबांचा दोष नाही. मला शेऱ्याची भीती होती आणि मी त्या भीतीची किंमत त्या पोरांकडून वसूल केली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे काय झाले तेही सांगतो. शाळेने शिफारशी भिंतीवर लावल्या, शेजारी कोण काय करणार ते लिहिले. वरच्या वर्गाला आठवड्यातून एक सबंध सकाळ लिहायला मिळू लागली. विषय मुलानेच निवडायचा. माझ्या नातीने आजोबांच्या बैलांवर वेल्शमध्ये चार पाने लिहिली. पोळ्याला शिंगे कशी रंगवतात, पुरणपोळी आधी कोणाला, सगळे त्यात होते. वाचून दाखवताना "बैल" आणि "पोळा" हे शब्द तिने तसेच ठेवले. बाईंनीही बदलले नाहीत. मैदानावर मोठ्या मुलांनी लहानांना वेल्शमधले खेळ शिकवायचे ठरवले. काही दिवस ते रंगले, मग ढिले पडले, मग पुन्हा सुरू झाले. भाषेचे काम असेच असते, गवतासारखे. रोज थोडे उगवते, रोज थोडे तुडवले जाते.

हजेरीचे कोडे मात्र मी निघेपर्यंत सुटले नव्हते. कोविडच्या साथीनंतर वेल्सभर शाळांना ही चिंता पडली आहे. या गावात तिला शेतीची जोड. मेंढ्या विण्याच्या दिवसांत दोन-तीन मुले गैरहजर राहत. बाई एका घरी गेल्या, तर मुलाची आई म्हणाली, "हाताखाली माणूस नाही. रात्रभर नवरा जागतो, सकाळी मी. पोरगा बाटलीनं कोकरं पाजतो." यावर काय बोलायचे? आपल्याकडे कापूस वेचणीला किंवा कांदा लागवडीला हेच होते.

त्यावरून सांगतो. याच भागाच्या दक्षिणेला लानदौरोर नावाच्या गावी ग्रिफिथ जोन्स नावाचे एक धर्मगुरू होते. १७३० च्या सुमारास त्यांनी फिरत्या शाळा काढल्या. मास्तर एका गावी तीनेक महिने राहून वाचायला शिकवी, मग पुढच्या गावी जाई. शाळा बहुतेक हिवाळ्यात भरे, कारण तेव्हा शेतात काम कमी. दिवसा मुले आणि रात्री कामकरी माणसे, आणि शिकवणे लोकांच्याच भाषेत. १७६१ साली ते वारले, तोवर अशा तीन हजारांहून अधिक शाळा भरल्या होत्या. शेतकऱ्याच्या वेळापत्रकाकडे पाहून शाळा काढली, तर गरीब मुलूखही वाचायला शिकतो, हे त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी दाखवले. बाईंना मी हे बोलून दाखवले, तर त्या हसून म्हणाल्या, "ते वाचलंय मी. पण त्यांना हजेरीचा तक्ता वर पाठवावा लागत नव्हता!"

मी निघालो तेव्हा डोंगर कोकरांनी भरले होते. ती शाळा आणखी दहा वर्षांनी असेल की नाही, कोणी सांगावे? पण असेल तोवर ती आपले उणे झाकून बसणार नाही, एवढे मी पाहिले. तो रागावलेला शेतकरी पुढे शनिवारी येऊन शाळेचे फाटक दुरुस्त करताना दिसला. मुलगा त्याच शाळेत आहे ना, असे मी विचारले. तो म्हणाला, "मग कुठं जाणार?"

वाचकहो, आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. म्हणजे तपासायचा हक्क तुमच्याही हाती आहे. पण तो हक्क बजावायला जाताना १८४७ च्या साहेबासारखे जाऊ नका. येत्या सोमवारी शाळेत जा. मुलाच्या शेजारी बसा, त्याची वही उघडा. एका कागदावर आधी तीन चांगल्या गोष्टी लिहा, त्या असतातच. मग खाली तीन उण्या गोष्टी लिहा आणि त्यांतल्या एकीपुढे आपले स्वतःचे नाव घाला.

आणि मागच्या बाकावर कोणी पोर गप्प बसले असेल, तर त्याच्याशी आधी बोला. माझ्याकडून ते राहून गेले आहे.